रायफलीची बैठक : लाकूड, लोखंड आणि एक भरकटलेली गोळी

१/
थ्रेड : रायफलीची गोळी भरकटते तेव्हा दोष कोणाचा? हाताचा, डोळ्याचा, दारूगोळ्याचा, की ज्या दस्त्यात ती पोलादी नळी बसवलेली असते त्या दस्त्याचा? बंदूक घडवणाऱ्या कारागिरांना या प्रश्नाने पिढ्यान्‌पिढ्या छळले आहे. त्यांच्या उत्तराचे नाव ‘बेडिंग’. मराठीत त्याला ‘बैठक’ म्हणता येईल. या बैठकीचा इतिहास एका तरुणाच्या आणि त्याच्या स्वस्त रायफलीच्या निमित्ताने पाहू.

२/
सन २०१३. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याचा डोंगराळ उत्तर भाग. थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार हा त्या काळी तेथे रायफलीने हरणांची शिकार करण्याचा पहिला दिवस असे. अनेक शाळांना त्या दिवशी सुट्टी असे आणि रानात भगव्या रंगाची जाकिटे घातलेली माणसे पहाटेपासून दबा धरून बसत. लाकूडगिरणीत काम करणारा एक विशीतला तरुण त्यांच्यात होता. घरच्या शीतपेटीत हिवाळ्यासाठी मांस साठवणे ही त्या कुटुंबाची हौस नव्हती, गरज होती. त्याच्या हातातली बोल्ट-ॲक्शन रायफल त्या दुकानातील सर्वांत कमी किमतीची होती आणि तिचा दस्ता प्लॅस्टिकचा होता.

३/
सुमारे १२० यार्डांवर, म्हणजे ११० मीटरांवर, एक नर हरीण आडवे उभे राहिले. तरुणाने रायफल एका उन्मळून पडलेल्या ओकच्या खोडावर ठेवली, हात थरथरू नये म्हणून ती खाली घट्ट दाबली, श्वास रोखला आणि चाप ओढला. हरीण कोसळले नाही. ते पोटाशी आखडले आणि झाडीत नाहीसे झाले. बर्फावर रक्ताचे थेंब होते. अंधार पडेपर्यंत तो त्या थेंबांमागे चालत राहिला. एका ओढ्यापाशी माग संपला. पुढचे दोन दिवस त्याने तो परिसर पालथा घातला. हरीण मिळाले नाही.

४/
शिकारी समाजात याहून मोठी नामुष्की नाही. जनावर निसटले तर दुःख नसते. जखमी करून हरवले, तर ते मनातून जात नाही. तरुणाने रायफल कपाटात ठेवली आणि त्या हंगामात पुन्हा हाती धरली नाही. शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. तरुणपणी ते मरीन कोअरमध्ये शस्त्रे दुरुस्त करणारे कारागीर होते आणि व्हिएतनाममध्ये त्यांनी एक वर्ष काढले होते. त्यांनी सांत्वन केले नाही. ते एवढेच म्हणाले, “पोरा, ते हरीण आता परत यायचे नाही. गोळी तिकडे का गेली, हे मात्र शोधता येईल. ते शोधल्याशिवाय पुन्हा रानात जाऊ नकोस.”

५/
येथे थोडे मूलभूत ज्ञान हवे. रायफलीचे दोन मुख्य भाग असतात. एक पोलादी : नळी आणि तिच्या मागे जोडलेली, जिच्यात बोल्ट सरकतो ती पेटी. या पेटीला कारागीर ‘ॲक्शन’ म्हणतात. दुसरा भाग दस्ता : लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा. दोन-तीन स्क्रू या दोन भागांना एकत्र धरतात. गोळी सुटते तेव्हा नळी चाबकासारखी थरथरते आणि संपूर्ण पोलाद मागे झेपावते. गोळी नळीत असते जेमतेम एक-दीड सहस्रांश सेकंद. पण धक्का आणि थरथर तेवढ्यातच सुरू झालेली असते.

६/
प्रत्येक वेळी ही थरथर एकसारखीच झाली, तर गोळ्या एकाच जागी जातील. नळी थरथरते म्हणून काही बिघडत नाही. ती आज एका तऱ्हेने आणि उद्या दुसऱ्या तऱ्हेने थरथरते, तेव्हा बिघडते. पोलाद दस्त्यात किंचित डुगडुगत असेल, नळीला कोठेतरी दस्ता टेकत असेल, स्क्रू आवळताना ॲक्शन वाकत असेल, तर प्रत्येक गोळीचा प्रवास निराळा होतो. पोलादाला दस्त्यात अशी जागा करून द्यायची, की ते प्रत्येक धक्क्यानंतर नेमके तेथेच परत येऊन बसेल. बेडिंग म्हणजे एवढेच.

७/
योगायोग असा, की हा तरुण ज्या राज्यात राहत होता तेथेच अमेरिकी रायफलीचा इतिहास घडला. अठराव्या शतकात जर्मन भाषक प्रदेशांतून आलेल्या कारागिरांनी लँकेस्टर परिसरात लांब नळीची ‘पेनसिल्व्हेनिया रायफल’ घडवली. तिचा मेपलचा दस्ता नळीच्या तोंडापर्यंत जाई. कारागीर नळीला काजळी फासून ती लाकडात दाबत. जेथे काळा डाग उमटे तेथे लाकूड उंच आहे असे समजून ते पटाशीने खरवडत, आणि पुन्हा दाबत. सुताराला हे तंत्र नवे नाही. चौकटीत दार बसवतानाही असेच करतात.

८/
१८९८ मध्ये जर्मन सैन्याने स्वीकारलेल्या माउझर रायफलीने पुढच्या बहुतेक बोल्ट-ॲक्शन रायफलींचा साचा घालून दिला. तिच्या ॲक्शनच्या बुडाशी पुढच्या बाजूस एक भक्कम पोलादी दात असतो. दस्त्यात त्याच्यासाठी खोबण असते. गोळी सुटली की हा दात खोबणीच्या मागच्या भिंतीवर रेलतो आणि सारा धक्का तेथून दस्त्याकडे आणि दस्त्याकडून खांद्याकडे जातो. ती भिंत सपाट आणि घट्ट नसेल, तर स्क्रूंना नको तो भार सोसावा लागतो आणि ॲक्शन दर वेळी निराळ्या जागी विसावते.

९/
भारतीय वाचकाला परिचित रायफल म्हणजे ‘थ्री नॉट थ्री’, अर्थात ली-एनफिल्ड. पोलीस ठाण्यांच्या दारात ती कित्येक दशके उभी होती. तिचा दस्ता दोन तुकड्यांचा, पुढचा वेगळा आणि खांद्याचा वेगळा. तिच्या पुढच्या लाकडाची बैठक फार नाजूक. त्यातही या रायफलीत नळीला मुद्दाम आधार दिलेला असे : नळीच्या टोकाशी खालून वर ठरावीक दाब राहावा, अशी तिची रचना होती. दाब बदलला की नेम बदलला. त्यामुळे लष्करी कारागिरांना बैठक तपासण्याचे स्वतंत्र शिक्षण घ्यावे लागे.

१०/
ही रायफल जेथे जेथे बनली, तेथील लाकडाने नवे प्रश्न उभे केले. ऑस्ट्रेलियातील लिथगो कारखान्यात अक्रोडाऐवजी स्थानिक, तुलनेने मऊ लाकूड वापरले गेले. धक्क्याने ते दबू नये म्हणून भार पडणाऱ्या जागी तांब्याच्या पट्ट्या बसवण्यात आल्या. बंगालमधील ईशापूर कारखान्याच्या रायफलींत पुढचे लाकूड फाटू नये म्हणून एक आडवा स्क्रू दिसतो. संग्राहक आजही त्याला ‘ईशापूर स्क्रू’ म्हणतात. पोलादाचा आराखडा इंग्लंडमधून येई. लाकूड मात्र ज्या त्या भूमीचे असे, आणि शेवटचा शब्द लाकडाचाच असे.

११/
दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला नेमबाजांसाठी अचूक रायफली हव्या होत्या. त्यासाठी निराळे शस्त्र बनवले गेले नाही. कारखान्यातील चाचणीत ज्या साध्या नंबर ४ रायफली अधिक अचूक ठरत, त्या निवडून लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या नामांकित संस्थेकडे पाठवल्या जात. तेथे दुर्बीण बसवली जाई आणि लाकडाची बैठक काळजीपूर्वक जुळवली जाई. अशा वीस हजारांहून अधिक रायफली तयार झाल्या. सामान्य हत्याराला असामान्य करण्यात यंत्रांइतकाच कानशीचा आणि पटाशीचा वाटा होता.

१२/
युद्ध संपले आणि लक्षावधी लष्करी रायफली निरुपयोगी ठरल्या. त्या अमेरिकेत अत्यल्प दरात विकल्या गेल्या. १९६८ च्या कायद्याने बंदी येईपर्यंत त्या टपालानेही घरपोच येत. शेतकरी, खाणकामगार, परतलेले सैनिक या रायफली विकत घेत, लांब लाकूड कापून टाकत आणि शिकारीजोग्या करत. त्या वृद्ध गृहस्थांची पहिली रायफलही अशीच टपालाने आली होती. स्वस्त रायफल घेऊन ती स्वतःच्या हातांनी सुधारायची ही परंपरा त्या पिढीने रुजवली.

१३/
त्याच काळात रसायनशास्त्राने कारागिराच्या हाती नवे साधन दिले. १९४६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये ‘अरल्डाइट’ हे इपॉक्सी बाजारात आले. आपल्या घरी तुटलेली कपबशी ज्याने सांधतात तेच. राळ आणि तिला घट्ट करणारे द्रव्य एकत्र केले की काही तासांत दगडासारखा पदार्थ तयार होतो, आणि सुकताना तो फारसा आकसत नाही. मग लाकूड कणाकणाने खरवडण्याची गरज उरली नाही. दस्त्यात जागा मोकळी करायची, इपॉक्सी भरायचे आणि पोलाद त्यात अलगद टेकवायचे. बैठक कोरण्याऐवजी ओतता येऊ लागली.

१४/
तरीही लाकूड ते लाकूडच. १९६६ मध्ये अमेरिकी मरीन कोअरने रेमिंग्टन ७०० वर आधारित एम-४० ही रायफल लाकडी दस्त्यासह व्हिएतनामला नेली. कोकणातल्या घरांची दारे आषाढात का फुगतात हे जाणणाऱ्यास पुढचे सांगावे लागणार नाही. त्या दमट हवेत दस्ते फुगले, पिळले आणि नळीला टेकू लागले. सकाळी जुळवलेला नेम दुसऱ्या दिवशी खरा राहीना. त्या वृद्ध गृहस्थांचे ते वर्ष दस्ते उघडून लाकूड खरवडण्यात गेले होते. पुढे १९७० च्या दशकात एम-४०ए१ ही सुधारित रायफल आली. तिचा दस्ता फायबरग्लासचा होता आणि बैठक इपॉक्सीची.

१५/
“पण सर, माझा दस्ता तर प्लॅस्टिकचा आहे. तो कुठे फुगतो?” तरुणाने विचारले. वृद्धांनी त्याची रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवली आणि एक कागदाचा कपटा नळी आणि दस्ता यांच्यातील फटीत सरकवला. कपटा सहज आत गेला. मग त्यांनी रायफल पिशवीवर घट्ट दाबली आणि कपटा ओढायला सांगितले. तो हलेना. स्वस्त प्लॅस्टिकचा पुढचा भाग दाबाने वाकून नळीला टेकला होता. ओकच्या त्या खोडावर नेमके हेच घडले असणार. लाकूड फुगून टेकले होते, प्लॅस्टिक वाकून टेकले. नळीच्या दृष्टीने दोन्ही सारखेच.

१६/
तरुणाला लगेच इपॉक्सी ओतायचे होते. वृद्धांनी थांबवले. आधी स्वस्त कारणे संपवायची. दुर्बिणीची पकड ढिली आहे काय? ॲक्शनचे स्क्रू ठरलेल्या ताणावर आवळलेले आहेत काय? नळी स्वच्छ आहे काय? तिच्या तोंडाच्या कडेला खरचटा आहे काय? दुसऱ्या कंपनीचे काडतूस अधिक रुचते काय? आणि तीन गोळ्यांच्या समूहावर विश्वास ठेवायचा नाही, कारण तीन गोळ्या योगायोगानेही जवळ पडतात. पाच-पाच गोळ्यांचे अनेक समूह घ्यायचे आणि प्रत्येक कागदावर दिनांक, हवा आणि काडतूस यांची नोंद करायची.

१७/
पहिल्या दिवशी १०० यार्डांवर पाच गोळ्या सुमारे ९ सेंटिमीटरांत विखुरल्या. दुर्बिणीच्या पकडीचा एक स्क्रू खरोखरच ढिला निघाला. तो आवळून आणि काडतूस बदलून विखुरणे साडेसहा सेंटिमीटरांवर आले. पण रायफल हलकी टेकवली की गोळ्या एका जागी आणि घट्ट दाबली की चार बोटे वर, हे काही सुटेना. मग वृद्धांनी आणखी एक परीक्षा दाखवली. नळी आणि दस्ता यांच्या फटीवर बोट ठेवून पुढचा स्क्रू सैल करायचा. नळी दस्त्यातून उसळताना बोटाला जाणवली, तर स्क्रू ॲक्शनला वाकवत आहेत. ती स्पष्ट जाणवली.

१८/
आता काम सुरू झाले. दस्त्याचा पुढचा भाग आतून कानशीने आणि पॉलिश पेपरने मोकळा केला, आणि तो वाकू नये म्हणून त्याच्या पोकळ कप्प्यांत इपॉक्सी भरून ॲल्युमिनियमची दांडी गाडली. स्क्रूंच्या भोकांत ॲल्युमिनियमच्या नळकांड्या बसवल्या. स्क्रू आवळला तरी प्लॅस्टिक चेपले जाऊ नये म्हणून. प्लॅस्टिकला इपॉक्सी सहज धरत नाही, त्यामुळे बैठकीच्या जागी पृष्ठभाग खरखरीत करून तिरकी छिद्रे पाडली. पोलादी दाताच्या पुढे, खाली आणि दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावली. मागची बाजू मात्र उघडी ठेवली. पट्टी काढल्यावर तेथे फट राहते आणि दात केवळ मागच्या भिंतीवरच रेलतो.

१९/
पोलादाला इपॉक्सी चिकटू नये म्हणून त्यावर मेण चोळले. ॲक्शनमधील सर्व भोके आणि खाचा मुलांच्या खेळण्यातल्या चिकणमातीने बुजवायच्या होत्या, कारण एखाद्या खाचेत इपॉक्सी शिरून घट्ट झाले तर दोन्ही भाग कायमचे जखडतात. तरुणाने एक सोडून सर्व खाचा बुजवल्या. दुसऱ्या दिवशी रायफल दस्त्यातून निघेना. त्याचा चेहरा उतरला. वृद्ध हसले नाहीत. त्यांनी ती तशीच मोठ्या शीतपेटीत रात्रभर ठेवायला लावली. थंडीने पोलाद आणि इपॉक्सी कमी-अधिक आकसतात. सकाळी रबरी हातोडीच्या हलक्या ठोक्याने ‘टक्’ असा आवाज झाला आणि ती सुटली.

२०/
बैठकीचा एक तुकडा मात्र त्या खाचेबरोबर मोडून आला होता. तेवढे काम पुन्हा करावे लागले. दुसऱ्या वेळी तरुणाने मिश्रण डोळ्यांच्या अंदाजाने न करता तोलून केले, खाचा दोनदा तपासल्या आणि ॲक्शन स्क्रूने न दाबता स्वतःच्या वजनावर विसावू दिली. दाबून बसवले असते तर तोच वाक बैठकीत कायमचा गोठला असता. चोवीस तासांनी ती सहज निघाली. आत पोलादाचा हुबेहूब ठसा होता, अगदी यंत्राच्या खुणांसह. पुढचा स्क्रू सैल करून बोट लावले. नळी हलली नाही.

२१/
वसंत ऋतूत पुन्हा चाचणी झाली. पाच गोळ्या साधारण साडेतीन सेंटिमीटरांत. महागड्या रायफलीला हे काही अद्‌भुत वाटणार नाही. पण वृद्धांनी तो कागद बाजूला ठेवला आणि रायफल आधी हलकी, मग घट्ट, मग कुंपणाच्या लाकडी खांबावर टेकवून गोळ्या झाडायला लावल्या. सर्व गोळ्या त्याच वर्तुळात पडल्या. लहान समूह म्हणजे भिंतीवर लावायची शोभा. रायफल कशीही टेकवली तरी गोळी अपेक्षित जागी जाणे, हे रानात उभ्या असलेल्या जनावराचे देणे.

२२/
या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्रातही येतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानंतर शिकार इतिहासजमा झाली. नेमबाजी मात्र क्रीडांगणावर बहरली. २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेती ठरलेली तेजस्विनी सावंत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकणारा स्वप्नील कुसाळे, दोघेही कोल्हापूर जिल्ह्याचे. अशा स्पर्धांच्या रायफलींतही ॲक्शनचे स्क्रू मोजून आवळतात आणि नळीसाठी काडतुसे पारखून घेतात. लँकेस्टरच्या कारागिराने काजळी फासून जे शोधले, तेच येथे टॉर्क पान्याने शोधले जाते.

२३/
आधुनिक कारखान्यांनीही हा धडा घेतला आहे. २०१२ च्या सुमारास आलेल्या रुगर अमेरिकन या अल्प किमतीच्या रायफलीत ॲक्शनला आधार देणारे इंग्रजी ‘व्ही’ आकाराचे ठोकळे दस्त्यात आधीच बसवलेले असतात. एकेकाळी श्रीमंत गिऱ्हाईकासाठी कारागीर आठवडाभर खपून जे करी, ते आज साच्यातून निघते. तरीही स्वस्त रायफल सुधारणारे हात नाहीसे झालेले नाहीत. त्या कामात पैसा वाचतो हे खरे. पण आपल्या हत्याराचा दोष आपल्या नजरेने शोधता येतो, हे अधिक मोलाचे.

२४/
पुढच्या हंगामात, पहिल्याच सोमवारी, तरुणाला एक हरीण १५० यार्डांवर दिसले. टेकण्यास आधार नव्हता. त्याने रायफल खाली केली आणि ते जाऊ दिले. दुपारी दुसरे ७० यार्डांवर आले. ते चाळीस पावलांत कोसळले. संध्याकाळी मांसाचा वाटा घेऊन तो शेजारी गेला, तेव्हा वृद्धांनी आधी सकाळच्या हरणाबद्दल विचारले. “लांब होते, आधार नव्हता. सोडले,” तो म्हणाला. वृद्धांनी मान डोलावली. बैठकीने गोळी सरळ केली होती. चाप केव्हा ओढू नये हे मात्र ओढ्यापाशी संपलेल्या त्या रक्ताच्या मागाने शिकवले होते.

(समाप्त)